पेशीची बोंब

प्रिय मनू,

परवा फोनवर तू कण्हत म्हणालीस, "आई, फ्लूच्या एवढ्याशा विषाणूनं मला आडवं कसं केलं?" तेव्हा मी "पाणी पी, झोप काढ" यापलीकडे काही बोलले नाही. तुझ्यात ऐकायचं त्राणच नव्हतं. आज ताप उतरलाय म्हणालीस, म्हणून लिहायला बसले.

आधी हे सांगते, तुला आडवं त्यानं केलं नाही. ताप, अंगदुखी, अन्नावरची वासना उडणं हे बरंचसं तुझ्याच शरीराचं काम. विषाणूच्या बाजूनं बघितलं तर तू ठणठणीत राहून चारचौघांत हिंडावंस यातच त्याचा फायदा. त्याची मोठी धडपड असते ती आपण आत शिरल्याचा कुणाला पत्ता लागू नये यासाठी.

कारण पेशी आंधळी नसते. फ्लूच्या विषाणूच्या आरएनएची, म्हणजे त्याची जनुकं ज्या धाग्यावर असतात त्याची, ठेवण आपल्या आरएनएपेक्षा वेगळी असते, आणि पेशीत रिग-आय नावाचं एक प्रथिन गस्त घालत असतं, ते ती बरोबर हेरतं. मग पेशी इंटरफेरॉन नावाचा इशाऱ्याचा पदार्थ बाहेर सोडते. ही तिची बोंब. ती स्वतः बहुधा वाचत नाही, पण शेजारच्या पेशी ती ऐकून शेकडो जनुकं कामाला लावतात आणि दारं-खिडक्या बंद करून बसतात. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडनमन यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर उष्णतेनं निकामी केलेला फ्लूचा विषाणू टाकला, तेव्हा हा पदार्थ पहिल्यांदा हाती लागला.

आता ही बोंब दाबायची कशी? फ्लूच्या विषाणूकडे आरएनएचे ८ तुकडे आणि त्यांवरून बनणारी जेमतेम डझन-दीड डझन प्रथिनं. आपली जनुकं वीस हजारांच्या आसपास. तरीही आपल्या मोजक्या प्रथिनांतलं एनएस१ नावाचं प्रथिन तो जवळजवळ याच एका कामाला लावतो. रिग-आयला जागं करणाऱ्या मदतनिसाला ते धरून ठेवतं. शिवाय पेशीच्या केंद्रकात जाऊन तिच्या स्वतःच्या जनुकांच्या संदेशांना शेवटचं शेपूट जोडून पक्कं होऊ देत नाही. म्हणजे बोंब मारायचं ठरलं तरी आवाज घशातच राहतो. इतकं करून विषाणूचे संदेश मात्र सुरळीत सुटतात, कारण त्यांचं शेपूट तो स्वतःच जोडतो. मला या चोरट्या हुशारीचा राग येतो आणि कौतुकही वाटतं, दोन्ही एकदम.

हे नुसतं अंदाजाचं बोलणं नाही. १९९८ साली शास्त्रज्ञांनी एनएस१ काढून टाकलेला फ्लूचा विषाणू तयार करून बघितला. साध्या पेशींत तो जेमतेम वाढला, पण व्हेरो पेशींत चांगला वाढला. व्हेरो म्हणजे माझ्या प्रयोगशाळेतल्या फ्लास्कमधल्या त्याच, ज्यांना तू लहानपणी "आईची माकडं" म्हणायचीस. आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून १९६२ साली जपानमधल्या चिबा विद्यापीठात त्या वेगळ्या केल्या. वाढता वाढता त्यांच्यातली इंटरफेरॉनची जनुकंच गळून पडली आहेत. बाहेरून इंटरफेरॉन दिलं तर त्यांना समजतं, पण स्वतः बनवता येत नाही. ऐकू येतं, बोलता येत नाही. आम्ही विषाणू वाढवायला त्यांनाच का घेतो, ते आता कळलं ना?

काल गोवराच्या विषाणूचा फ्लास्क मायक्रोस्कोपखाली धरला होता. एरवी पेशींचा थर फरसबंदीसारखा एकसारखा दिसतो. त्यात मध्येच एक मोठा वितळल्यासारखा गोळा, आणि त्यात वीस-पंचवीस केंद्रकं दाटीवाटीनं. विषाणूची दोन प्रथिनं पेशीच्या अंगावर येऊन बसतात आणि शेजारणीला ओढून तिच्याशी एकजीव करतात. विषाणूला बाहेर पडायचीही गरज उरत नाही, भिंतच पाडली की झालं.

पण असा तमाशा सगळेच विषाणू करत नाहीत. नोकरीच्या पहिल्या वर्षी रुबेलाच्या (जर्मन गोवराच्या) एका फ्लास्कवर मी बिनधास्त "निगेटिव्ह" लिहून मोकळी झाले होते. पेशी दिसायला अगदी छान होत्या. सरांनी त्याच पेशी विषाणूला चिकटणाऱ्या, चमकणाऱ्या अँटीबॉडीनं रंगवून मला बघायला लावल्या, तर सगळीकडे हिरवे दिवे. मान वर काढायची सोय राहिली नाही. तेव्हापासून छान दिसणाऱ्या पेशींवर माझा फारसा विश्वास नाही.

बोंब दाबली तरी पेशीचा दुसरा एक मार्ग उरतो. आत जी प्रथिनं बनतायत त्यांचे बारीक तुकडे ती एमएचसी नावाच्या धारकावर ठेवून बाहेर दाखवत असते, आणि टी पेशी, म्हणजे शरीराचे पहारेकरी, येता-जाता ते तपासतात. नागिणीच्या कुळातला, ओठांवर फोड आणणारा हर्पिसचा विषाणू काय करतो, तर हे तुकडे धारकापर्यंत नेणाऱ्या नळीत आयसीपी४७ नावाचं बूच बसवतो. पण तुकडे मिळाले नाहीत की धारकही बाहेर येत नाहीत, आणि धारकच दिसेनासे झाले की एनके पेशी नावाच्या दुसऱ्या पहारेकऱ्यांना संशय येतो. "काहीच दाखवत नाहीस म्हणजे लपवतेयस" असा त्यांचा खाक्या. एचआयव्हीचं नेफ प्रथिन त्याहून बेरकी. टी पेशी जे तपासतात ते ए आणि बी प्रकारचे धारक ते खाली ओढतं, पण एनके पेशी ज्याकडे बघतात तो सी प्रकार बहुतेकदा तसाच राहू देतं. दोन्ही पहारेकऱ्यांची समजूत परस्पर काढायची! (पुढे हा सी प्रकारही पाडणारे एचआयव्हीचे वाण सापडले, म्हणून "बहुतेकदा" लिहिलं. तुझ्या परीक्षेत असलं "बहुतेकदा" लिहिलंस तर गुण कापतील, ते वेगळं.)

तू विचारलं होतंस की वर्गातली ती मुलगी शिंकत होती तेव्हा तुला काहीच कसं झालं नाही. झालं होतं. फ्लूचा विषाणू आत गेल्यापासून ताप येईपर्यंत बहुधा दोनेक दिवस जातात. तेवढ्यात एनएस१ वेळ मारून नेतं आणि विषाणू लाखोंनी वाढून घेतो. सगळ्याच पेशींची तोंडं त्याला बांधता येत नाहीत. शेवटी कुठूनतरी बोंब उठते, एकीची ऐकून दुसरी, आणि मग तुझं ते थडथड उडणं. ताप यायच्या आदल्या दिवशीच तू इतरांना प्रसाद वाटायला सुरुवात केलेली असणार, तेव्हा खोलीतल्या मैत्रिणीला विचार, तिचं डोकं दुखतंय का.

गोवराचा तो फ्लास्क अजून इन्क्युबेटरमध्येच आहे. उद्या सकाळपर्यंत गोळे आणखी पसरलेले असतील, फोटो काढून पाठवते. तोवर पळायला जाऊ नकोस.

तुझी,
आई