गोळी येईल तेव्हा येईल

संपादक महोदय,

आरोग्य पुरवणीतला एमएसवरच्या नव्या गोळ्यांचा लेख वाचला. त्याचं कात्रण सकाळी सातलाच जावयाने व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. मला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस होऊन नऊ वर्षं झाली. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर आणि मज्जारज्जूवर उलटते. मिरजेत शाळेत शिकवत होते. फळ्यावर लिहिताना हातातला खडू सुटायला लागला, तिथून सुरुवात.

लेखात टोलेब्रुटिनिब या नव्या गोळीचं कौतुक आहे, ते खोटं नाही. 2024 मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत, एमएसचे अटॅक (म्हणजे लक्षणं अचानक उफाळणं) थांबूनही ज्यांचं अपंगत्व वाढत जातं, अशांमध्ये ते वाढण्याचा धोका 31 टक्क्यांनी घटला. माझा डावा पाय दरवर्षी थोडा जड होतोय, त्यामुळे हा आकडा वाचून त्या रात्री झोप आली नाही. पण अटॅक कमी करण्यात हीच गोळी टेरिफ्लुनोमाइड या एमएसच्या जुन्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही, शिवाय काहींच्या यकृताला गंभीर इजा झाली. हे लेखात यायला हवं होतं.

मी एमएससाठी दर सहा महिन्यांनी रिटक्सिमॅब हे औषध घेते. आधी ॲलर्जी होऊ नये म्हणून ॲव्हिलचं इंजेक्शन, की डोळे मिटायला लागतात. मग सलाईनमधून थेंब थेंब औषध. घसा खवखवला की सिस्टर नळीवरचं चाक फिरवून थेंब कमी करतात. दिवस त्यातच जातो. औषध मुळात लिम्फोमा या कॅन्सरचं, पण त्याचं भारतात बनणारं स्वस्त रूप 2007 पासून मिळतंय, म्हणून आमच्यासारख्यांना जमतं तरी. स्वीडनच्या 2022 मधल्या चाचणीत दोन वर्षांत रिटक्सिमॅबवाल्या 3 टक्के रुग्णांना अटॅक आला, डायमिथाइल फ्युमरेट या एमएसच्या दुसऱ्या औषधावरच्या 16 टक्के रुग्णांना. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी त्याचं नाव घातलं.

माझ्या विमा कंपनीचं म्हणणं मात्र असं, की रिटक्सिमॅबला या आजारासाठी मान्यता नाही, सबब क्लेम नामंजूर. यादीची प्रत जोडून दोनदा अर्ज केला. उत्तर शब्दशः तेच, फक्त तारीख वेगळी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आमच्या आजाराचं नाव आहे, हेही लिहून पाहिलं.

पुढचा डोस मार्गशीर्षात आहे, त्यासाठी एक मुदत ठेव मोडायला काढली आहे. नव्या गोळीच्या बातम्या जरूर छापा. पण एकदा तुमच्या बातमीदाराला विमा नियामकाकडे पाठवून विचारा, की जागतिक आरोग्य संघटनेला चालणारं औषध क्लेमच्या फॉर्मवर का चालत नाही?

– एक निवृत्त शिक्षिका, मिरज