बूथवार आकडा म्हणजे वस्तीची जात: केंद्रीय विधी व न्याय मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय मंत्री महोदय,

सादर नमस्कार. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून मागणी आधीच सांगतो. मतमोजणीत प्रत्येक बूथचा आकडा वेगळा जाहीर होतो, तो बंद करा. चौदा यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणारं टोटलायझर वापरता येईल अशी तरतूद 1961 च्या निवडणूक संचालन नियमांत करा. संसदेत जायची गरज नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 169 खाली, निवडणूक आयोगाशी सल्लामसलत करून, आपल्या खात्याची एक अधिसूचना पुरते.

निमित्त ताजं आहे. आमच्या तालुक्यातल्या एका गावात नळयोजनेचा 63 मिमीचा पाइप वरच्या आळीपर्यंत आला आणि तिथेच एंड कॅप लावून बंद केला. पुढे वस्तीकडे खणलेला चर दीड महिना तसाच उघडा आहे. विचारायला गेलेल्या बायकांना कुणी नाही म्हटलं नाही, फक्त मोबाइलवर एक पीडीएफ उघडून दाखवली. विधानसभेचा नमुना 20, म्हणजे बूथवार अंतिम निकाल. शाळेच्या दुसऱ्या खोलीतला बूथ, साहेबांच्या रकान्यात 11. "तुमच्याकडून अकरा," एवढंच बोलणं झालं. ही पीडीएफ कुणी चोरलेली नव्हती. सरकारी संकेतस्थळावर कुणालाही मिळते.

बूथची जात कशी कळते, असं दिल्लीत कुणी विचारेल, म्हणून सांगतो. मतदार यादीचे भाग असतात, भागात अनुभाग, अनुभागात घर क्रमांक. यादी आळीआळीने चालते आणि आळी जातीने बसलेली. डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचं ठरवलं. चांगलं झालं. पाट्या बदलल्या, यादीचा भाग मात्र तोच राहिला, बूथही तोच. त्यात आणखी एक गंमत बघा. दुर्बल घटकांना मतदानाला जाताना कुणी अडवू नये म्हणून त्यांच्या वस्तीतच केंद्र द्यावं, मतदार कमी असले तरी द्यावं, अशी आयोगाचीच सूचना आहे. सूचना योग्यच आहे. पण मतदानाच्या दिवशी जो बूथ वस्तीला सांभाळतो, तोच मोजणीच्या दिवशी तिला उघडं पाडतो.

मोजणीचं टेबल आपण पाहिलंच असेल, बहुधा जाळीच्या अलीकडून. विधानसभेच्या मोजणीला साधारण 14 टेबलं असतात. जाळीपलीकडे एजंट, हातात छापलेला तक्ता, डावीकडे बूथ क्रमांक आणि त्यापुढे पेन्सिलीने लिहिलेलं वस्तीचं नाव. कंट्रोल युनिटचं, म्हणजे मतं साठवणाऱ्या यंत्राचं, सील दाखवतात, एकूण मतं 17 सी शी, म्हणजे बूथवर पडलेल्या मतांच्या हिशेबाच्या नमुन्याशी, ताडतात, रिझल्टचं बटण दाबतात. पडद्यावर एकेका उमेदवाराचा आकडा येतो आणि तक्त्यात उतरतो. मोबाइल आत नेता येत नाही, पण पेन्सिल नेता येते. दुपारच्या जेवणाच्या आत तालुक्याला माहीत असतं: अमुक वाडा लीड, तमुक वस्ती मायनस. गावात हाच शब्द आहे, मायनस. माणसांच्या वस्तीला.

आता हिशेब. 2024 च्या विधानसभेला राज्यात 1,00,186 मतदान केंद्रं होती, मतदार 9 कोटी 70 लाखांच्या आसपास, मतदान 66 टक्क्यांच्या घरात. म्हणजे एका बूथवर सरासरी 640 मतं. वस्तीचा बूथ याहून लहान. 400 मतांत एखाद्याला 11 पडली, तर ती अकरा माणसं कोण हे पारावर तासाभरात ठरतं. आणि ठरलेली नावं अनेकदा चुकीची असतात, हे वेगळं. कायद्याच्या कलम 94 प्रमाणे कुणाला मत दिलं हे सांगायची सक्ती मतदारावर करता येत नाही. सक्ती कशाला करतील? तुमचा तक्ताच सांगतो. गुप्त मतदानाचं संरक्षण एकेकट्या माणसाला आहे. त्याच्या गल्लीला नाही.

टीव्हीवरचे विद्वान म्हणतात, हे लोक जात बघून गठ्ठ्याने मत देतात. अहो, गठ्ठा बांधतं कोण? ज्या वस्तीचा पाणी, रस्ता, घरकुलाचा प्रश्न एका आकड्यावर अडतो, तिथे वेगळं मत असलेला पोरगाही शेवटी सगळ्यांसोबत जातो. आकडा फुटला तर खापर कुणावर फुटेल हे त्याला ठाऊक असतं. यात आमचेच काही पुढारीही सामील आहेत, तेही लिहून टाकतो. "माझ्या बूथवरून साडेतीनशे काढून देतो" हे त्यांचं भांडवल. बूथचा आकडा झाकला तर त्यांचंही दुकान बसेल. बसू द्या.

हे पूर्वी असं नव्हतं. मतपत्रिकांच्या काळात पेट्या एकत्र ओतून, सरमिसळ करून मग मोजायची सोय होती. त्याच नियमांतला 59-अ आजही पुस्तकात आहे: मतदारांना धमकावलं जाईल, त्रास दिला जाईल अशी भीती आयोगाला वाटेल, तिथे मतपत्रिका मिसळून मोजाव्यात. 2004 पासून लोकसभेला देशभर यंत्रं आली आणि ही सोय आपोआप गेली. चूक लक्षात यायला आयोगाला चारच वर्षं लागली, 2008 मध्ये टोटलायझरचा प्रस्ताव गेला. विधी आयोगाने मार्च 2015 च्या 255 व्या अहवालात पाठिंबा दिला. मग मंत्र्यांची समिती बसली आणि नकार आला. सर्वोच्च न्यायालयात केंद्राने कारण काय द्यावं? बूथवार निकालामुळे आपण कुठे चांगलं काम केलं आणि कुठे आणखी करायला हवं, हे पक्षांना समजतं! समजतं ना. 2019 च्या एप्रिलमध्ये सुलतानपूरच्या प्रचारात तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी ते उघड सांगितलंही: 80 टक्के मतं देणारी गावं अ, 60 ची ब, 50 ची क, त्याखालची ड, आणि कामंही त्याच क्रमाने. आयोगाने निषेध नोंदवला. तक्ता तसाच राहिला.

खात्याला वेळ मिळत नाही असंही नाही. 9 डिसेंबर 2024 ला पंजाब-हरयाणा उच्च न्यायालयाने मतदान केंद्रांचं चित्रण आणि कागद द्यायला सांगितले, आणि 20 डिसेंबरला आपण याच 1961 च्या नियमांतला, निवडणुकीचे कागद बघायला देण्याचा, नियम 93 बदलून मोकळे झालात. अकरा दिवस. वर कारण काय सांगितलं गेलं, तर मतदाराची गुप्तता. कॅमेऱ्यात दिसतं मतदार कुठल्या दारातून आत गेला ते, तक्त्यात दिसतं वस्तीने काय केलं ते. पहिल्यासाठी अकरा दिवस पुरले. दुसऱ्यासाठी 2008 पासून मुहूर्त सापडत नाही.

अडचणी येतील, त्या आम्हीच सांगतो, कारण तुमचे अधिकारी त्याच पुढे करतील. एक, नुसती यंत्रं जोडून भागणार नाही. फेऱ्या बूथ क्रमांकाने चालतात. पहिली चौदा म्हणजे शेजारशेजारची चार-पाच गावं. जोडायची यंत्रं सबंध मतदारसंघातून चिठ्ठ्या टाकून निवडली पाहिजेत, म्हणजे एका गटात सुमारे 9 हजार मतं सगळीकडची येतील. त्यासाठी स्ट्राँग रूममधला पेट्यांचा क्रम बदलावा लागेल, तास-दोन तास जास्त जातील. दोन, मतदारसंघात साधारण 348 बूथ. चौदाचे 24 गट आणि शेवटी 12. पण कुठे दोनच उरले तर ते उघडे पडतील, म्हणून शेवटचे दोन गट समसमान करायचे. तीन, मॉक पोलची, म्हणजे मतदानाआधीच्या चाचणीची, मतं पुसायची राहिलेलं किंवा 17 सी शी न जुळणारं यंत्र जोडणीच्या आधीच बाजूला काढायचं. एकदा बेरजेत गेलं की शोधता येत नाही. चार, सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या आदेशाप्रमाणे प्रत्येक विधानसभा क्षेत्रात पाच बूथच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापून पेटीत पडणारे कागद, मोजतात. त्या मोजाव्यातच, पण निकालपत्रात फक्त "जुळलं" किंवा "जुळलं नाही" लिहावं, आकडा लखोट्यात. निवडणूक याचिकेला 45 दिवसांची मुदत आहे. न्यायालयाने मागितलं तर लखोटाही उघडेल आणि यंत्राची मेमरीही. पुरावा कुठे जात नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीचं नाव पुढे येईल, ठाऊक आहे. बूथचा आकडा नसता तर गावाला संशय तरी घेता आला असता का? प्रश्न रास्त आहे. डिसेंबर 2024 मध्ये त्या गावाने आपल्या आकड्यावर शंका घेऊन मतपत्रिकेवर पुन्हा मतदान करायचं ठरवलं आणि प्रशासनाने जमावबंदी लावली. यंत्रावर शंका असेल तर तपासणी खुली करा, चिठ्ठ्या जास्त मोजा. पण त्या वादातही दुसरा प्रश्न लगेच आलाच: मग भाजपच्या उमेदवाराला पडलेली ती 1003 मतं दिली कुणी? यंत्राची तपासणी राहिली बाजूला, माणसांची सुरू झाली.

ग्रामपंचायतीला यातलं काही लागू पडत नाही. तिथे प्रभागच एवढा लहान की निकाल हाच बूथचा आकडा. शिवाय तो राज्याचा विषय.

आता पुढचं. याद्या खुल्या, नमुना 20 खुला, आणि प्रचाराच्या ॲपमध्ये प्रत्येक नावापुढे जातीचा रकाना. सरकारही मागे नाही. 2022 मध्ये बांठिया आयोगाने ओबीसींची संख्या मतदार यादीतल्या आडनावांवरून काढायला घेतली, तेव्हा सगळ्याच पक्षांनी बोंब मारली, कारण जाधव, पवार, गायकवाड ही आडनावं पाच-पाच जातींत सापडतात. राजकारण्यांना हे एवढं बारीक कळतं! तरी बोटावरची शाई वाळायच्या आत तेच आडनावांवरून वस्तीला शिक्षा ठरवतात. 2027 च्या जनगणनेत जात मोजली जाणार आहे. जरूर मोजा, आम्हालाही ते आकडे हवेत. पण आधी बूथचा तक्ता झाका.

आपल्या खात्याकडे याआधी पाठवलेल्या निवेदनाला "संबंधित विभागाकडे अग्रेषित" असं उत्तर आलं. यालाही तेच येणार असेल तर निदान विभागाचं नाव लिहा.

गावाचं नाव या पत्रात टाकलेलं नाही. गावात बूथ तीनच आहेत, आणि चर अजून उघडा आहे.

आपले,
मतदार यादी आणि मोजणीचं काम वर्षानुवर्षं करणारे काही जण