डाउनहिलचा हँडलबार : आधी उंची, मग रुंदी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीत डाउनहिल सायकलिंगवर, म्हणजे डोंगरउतारावरून वेळेशी स्पर्धा करत खाली येण्याच्या खेळावर, आलेला लेख आवडीने वाचला. या खेळाची मराठीत अशी सविस्तर ओळख क्वचितच होते, म्हणून लेखकाचे आभार मानायला हवेत. मात्र लेखाच्या अखेरीस नवा हँडलबार घेऊ पाहणाऱ्यांना 'मिळेल तेवढा रुंद आणि परवडला तर कार्बन फायबरचा घ्यावा' असा जो एका ओळीचा सल्ला दिला आहे, तो वाचकाची दिशाभूल करणारा वाटतो. हँडलबार घेताना आधी ठरवायची ती उंची, नंतर रुंदी. तो कशाचा बनलेला असावा हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. लेखात उंचीचा उल्लेखच नाही.

हँडलबारला सायकलशी जोडणाऱ्या तुकड्यात, म्हणजे स्टेममध्ये, आवळल्या जाणाऱ्या मधल्या भागापेक्षा हाताने धरायची टोके जितकी वर असतात, तितका त्या हँडलबारचा 'राइज'. बाजारात तो साधारणपणे 10 ते 50 मिलिमीटरपर्यंत मिळतो. नेहमीच्या माउंटन बाइकवर हँडल थोडे वर घ्यायचे असल्यास स्टेमखाली एकदोन स्पेसर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या कड्या, सरकवले की काम भागते. डाउनहिलच्या सायकलला ही सोय जवळजवळ नसते, कारण तिचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा दोन नळ्यांचा भाग, दुहेरी क्राउनचा असतो (क्राउन म्हणजे या नळ्यांना जोडणारी आडवी पट्टी) आणि स्टेम थेट वरच्या क्राउनवर बोल्टने बसवलेला असतो. त्याखाली पातळ चकत्या घालता येतात, पण त्यालाही मर्यादा आहे. फोर्कच्या नळ्या क्राउनमध्ये वरखाली सरकवून पुढचा भाग उचलता येतो हे खरे, परंतु तसे केल्याने केवळ हँडलच वर जात नाही, तर संपूर्ण सायकलचा कोन बदलतो. शिवाय नळ्या किती सरकवायच्या याची सीमा फोर्क बनवणाऱ्याने आखून दिलेली असते, कारण ती ओलांडल्यास 200 मिलिमीटरपर्यंत दबणारा फोर्क पूर्ण दबताना टायर खालच्या क्राउनवर आदळू शकतो. थोडक्यात, बाकी काही न बिघडवता हाताची उंची बदलायची तर योग्य राइजचा हँडलबार घेणे हाच सरळ मार्ग उरतो.

ही उंची एवढी महत्त्वाची का, हे तीव्र उतारावर चालकाचे कोपर पाहिले की कळते. हँडल फार खाली असेल तर शरीराचा भार पुढे कलतो, आणि तोल जाईल या भीतीने चालक कंबर मागे नेतो. कंबर मागे गेली की हात ताणले जातात. ताणलेल्या हातांना धक्का पचवता येत नाही आणि पुढच्या चाकावरचा दाबही कमी होतो. मग नेमक्या वळणावर, जिथे पुढच्या टायरने माती घट्ट धरायला हवी, तिथे तो निसटतो. अशा वेळी दोष बहुधा टायरला किंवा सस्पेन्शनला दिला जातो आणि दोन्ही बदलूनही तक्रार कायम राहते. 20 ऐवजी 30 किंवा 40 मिलिमीटर राइजचा हँडलबार लावला, तर तोच चालक कोपर वाकवून सायकलच्या मधोमध उभा राहू शकतो. अर्थात उंचीचा अतिरेकही नको. हँडल प्रमाणाबाहेर वर गेले की सपाट वळणांवर पुढचे चाक हलके पडते. बुटक्या चालकाच्या सायकलला पुढे 29 इंची चाक असेल तर सायकलचा पुढचा भाग मुळातच उंच असतो. अशा चालकाला कमी राइजच सोयीचा ठरेल.

हँडलबार स्टेममध्येच थोडा फिरवून उंची मिळवण्याचा प्रकार काही जण करतात, तोही टाळावा. हँडलबारला साधारण 7 ते 9 अंश मागे आणि 5 अंशांच्या आसपास वर असा बाक दिलेला असतो. तो मनगटाच्या नैसर्गिक ठेवणीसाठी असतो. हँडलबार फिरवला की मागचा बाक वर किंवा खाली वळतो, आणि उंचीत जेमतेम फरक पडून मनगटे मात्र अवघडतात. मधल्या भागावर छापलेल्या रेघा आधी मूळ स्थितीत जुळवाव्यात. त्यानंतर फिरवायचेच झाले तर अगदी थोडे फिरवावे.

आता रुंदीविषयी. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील डुरँगो येथे 1990 साली माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि तीत डाउनहिलचाही समावेश होता. त्या काळचे हँडलबार आजच्या मानाने फारच अरुंद असत. आज डाउनहिलचे बहुतेक हँडलबार 800 मिलिमीटर लांबीचे विकले जातात. रुंद हँडलमुळे पुढचे चाक वळवायला जोर कमी लागतो आणि खडकावर आपटून चाक भलतीकडे वळू लागले तर ते आवरता येते, हे लेखकाचे म्हणणे मान्य आहे. परंतु 800 हे माप सर्वांना बसते म्हणून ठेवलेले नाही. लांब हँडलबार कापता येतो, आखूड वाढवता येत नाही, हे त्यामागचे साधे कारण आहे. अरुंद खांद्यांच्या चालकाने एवढे रुंद हँडल धरले की कोपरे सरळ होतात, खांदे दुखू लागतात आणि वर सांगितलेला ताणलेल्या हातांचा दोष वेगळ्या वाटेने परत येतो. जिथे वाट दोन झाडांमधून जाते तिथे काय होते, ते सांगायला नको.

म्हणून कापण्याची घाई करू नये. ग्रिप आणि ब्रेकचे लिव्हर आतल्या बाजूला सरकवून काही दिवस सायकल चालवून पाहावी, खात्री पटल्यावर एका वेळी प्रत्येक बाजूने 5 मिलिमीटर एवढेच कापावे आणि हँडलबार बनवणाऱ्याने दिलेल्या किमान रुंदीच्या खाली जाऊ नये. कापताना ध्यानात येत नाही अशी एक बाब म्हणजे, मागच्या बाकामुळे हात केवळ आत येत नाहीत, तर पुढेही सरकतात. बाक 8 अंशांचा असेल आणि प्रत्येक बाजूने 20 मिलिमीटर कापले, तर हात जवळपास 3 मिलिमीटर पुढे जातात. फरक लहान आहे, पण आखूड स्टेमच्या सायकलवर तो जाणवू शकतो.

मधल्या भागाचा व्यास 31.8 की 35 मिलिमीटर, हे स्टेम पाहूनच ठरते. जाड व्यास म्हणजे अधिक मजबूत, हा समज मात्र सोडून द्यावा. मजबुती नळीच्या भिंतीची जाडी, घडण आणि साहित्य यांवरही अवलंबून असते. 35 चे काही हँडलबार इतके ताठ असतात की लांब उताराच्या अखेरीस बोटे बधिर होतात.

राहिला कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियमचा वाद. समान रुंदीच्या दोन हँडलबारांत वजनाचा फरक साधारण 100 ग्रॅमच्या आसपास असतो, आणि डाउनहिलची सायकल सहसा 15 किलोपेक्षा जड असते. शिवाय ती खाली जाण्यासाठीच बनवलेली असते, चढ चढण्यासाठी नव्हे. अ‍ॅल्युमिनियम वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी आतून थकत जाते. कार्बन त्या अर्थाने थकत नाही, पण एखादी खोल खाच किंवा चुकीच्या जागी आवळलेला क्लॅम्प त्याला पुरतो, आणि तुटताना तो सहसा पूर्वसूचना देत नाही. दोन्हींपैकी कोणताही घ्यावा, मात्र तो डाउनहिलसाठी प्रमाणित असावा. ए.एस.टी.एम. या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या वापर-वर्गवारीत पाचवा वर्ग डाउनहिल आणि तशाच अतितीव्र वापरासाठी आहे. हँडलबार कोणत्या वर्गासाठी आहे हे अनेक उत्पादक माहितीपत्रकात देतात, आणि रंग किंवा वजन पाहण्याआधी ते वाचावे.

बसवताना टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला हे मोजणारा पाना, वापरावा. स्टेमच्या झाकणाचे बोल्ट बहुतेकदा 4 ते 6 न्यूटन मीटरवर आवळायचे असतात आणि नेमका आकडा स्टेमवरच छापलेला असतो. वरची आणि खालची फट सारखी राहील अशा रीतीने बोल्ट आलटून पालटून आवळावेत, स्टेमच्या रचनेतच वरची फट बंद ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी. कार्बनला ग्रीस लावू नये, त्यासाठी वेगळी खरखरीत पेस्ट मिळते. नवा हँडलबार जुन्यापेक्षा उंच किंवा रुंद असेल तर ब्रेकच्या नळ्या कमी पडतात, म्हणून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून त्या ताणल्या जात नाहीत ना, हे उतारावर जाण्याआधी तपासावे. टोकांना बुचे बसवलेली असावीत, कारण पडताना उघड्या नळीचे टोक पोटात घुसून गंभीर इजा होऊ शकते.

हँडलबार केव्हा बदलावा, याचाही लेखात उल्लेख हवा होता. जोरात पडल्यानंतर ग्रिप, लिव्हर आणि स्टेमचे झाकण काढून त्यांच्याखालचा भाग उजेडात पाहावा, कारण तडे आणि चर बहुधा तिथेच लपलेले असतात. वाकलेला अ‍ॅल्युमिनियमचा हँडलबार सरळ करून पुन्हा वापरू नये. कार्बनच्या हँडलबारला मोठा आघात झाला असेल तर वरून काही दिसत नसले तरी तो बदलावा. पुरवणीच्या पुढील अंकात निदान एवढी माहिती स्वतंत्र चौकटीत द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक