काळा कोट

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न.

फोनवर हे जमणार नाही म्हणून लिहितेय. फोनवर बाबा 'बरं' म्हणतात आणि फोन आईकडे देतात.

रामबागेतल्या काकांनी विचारलं, 'मुलगी कुठल्या कोर्टात उभी राहते?' आणि बाबांनी विषय बदलला, असं आईकडून कळलं. बाबा, सनद मिळाली तेव्हा तुम्ही शिवून दिलेला काळा कोट मी अकरा वर्षांत फार तर वीसेक वेळा घातला असेन. तुम्हाला तो इंदूरच्या एम. जी. रोडवरच्या हायकोर्टाच्या पायऱ्यांवर बघायचा होता, ठाऊक आहे मला.

मी काय करते ते सांगते. गेल्या वर्षी आपल्याच गावचे दोघे भाऊ आले. आई, नाव विचारू नकोस, तुझ्या भिशीत त्यांच्यातली कोणीतरी निघेल. वडिलांचं नमकीनचं दुकान. ते गेल्यावर ओटला, भट्टी, उधारीच्या वह्या, सगळ्याची वाटणी झाली. पाटीवरचं नाव तेवढं राहिलं. दोघांनी तीच पाटी लावली. धाकट्याने ट्रेडमार्कचा, म्हणजे ते नाव आपलं म्हणून नोंदवून घ्यायचा, अर्ज केला. तो ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून आला की विरोधाला चार महिने मिळतात, तेवढ्यात थोरल्याने विरोध टाकला. आपल्या कायद्यात नुसती नोंदणी आधी केली म्हणून भागत नाही, नाव आधीपासून कोण वापरतंय हे बघतात. म्हणून मी आठवडाभर पिवळी पडलेली बिलं वाचत बसले, आणि प्रत्येक बिलावर सही वडिलांचीच! भागीदारीचा कागद काढला तर एक पान, 'नफातोटा समसमान', संपलं. नावाबद्दल एक ओळ असती तर ते माझ्याकडे आलेच नसते. शेवटी चौदा पानांचा करार झाला: नाव थोरल्याचं, धाकट्याने पुढे आपला शब्द जोडायचा. सही करताना थोरल्याने धाकट्याला आपलं पेन दिलं. मग दोघे न बोलता वेगवेगळ्या रिक्षांत बसले.

आई, तुझं मेतकूट. 'शुद्ध मेतकूट' हे नाव मिळायचं नाही. मालाचं नुसतं वर्णन करणाऱ्या शब्दाला ट्रेडमार्क कायद्याचं कलम 9 आडवं येतं. दुसरं काहीतरी शोध. मसाले आणि पिठं मालाच्या यादीत वर्ग 30 मध्ये येतात, एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाचे 4,500 रुपये, नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. पेटंटचं मात्र मनातून काढ. चार जिन्नस एकत्र दळले म्हणून ते मिळत नाही, आणि पेटंटला कृती उघड करून लिहावी लागते. कृती वहीतच राहू दे. शेजारच्या काकूंना प्रमाणासकट सांगून बसली आहेस, ते आता गेलंच. (जिरं मुद्दाम कमी सांगितलंस, हे मला माहीत आहे.)

पेटंटवरून आठवलं. बारावीनंतर बाबांनी बी.एस्सी.चा हट्ट धरला, मी दोन दिवस जेवले नव्हते. होळकर कॉलेजची ती तीन वर्षं मला फुकट गेली असंच वाटायचं. पेटंट एजंटच्या, म्हणजे लोकांचे पेटंटचे अर्ज करून देणाऱ्याच्या, परीक्षेचा फॉर्म भरताना कळलं, विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी नसेल तर बसताच येत नाही. माझ्याबरोबरचे अर्धे वकील तिथेच अडले. हे तुमच्यापाशी कधी कबूल केलं नव्हतं, बाबा.

आता मुख्य. जूनपासून मी इंदूरला येतेय, कायमची. मध्य प्रदेशचे ट्रेडमार्क मुंबईच्याच कार्यालयात जातात, पण अर्ज ऑनलाइन होतो आणि सुनावणी व्हिडिओवर. तरी सियागंजचे व्यापारी आणि पीथमपूरचे कारखानदार अजून मुंबईचा वकील शोधतात. पगार जाईल, पहिली दोनेक वर्षं ओढाताण होईल. हिशेब सोबत पाठवलाय, बाबांनी लाल पेनाने तपासावा.

बाहेरची खोली मला द्याल का? लोखंडी कपाट तिथेच असू दे, फायलींना लागेल. उत्तरादाखल नुसतं 'बरं' आलं तरी चालेल.

तुमची,
मनू