‘मुद्दाम करतो’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्किझोफ्रेनियात औषधं लागू पडतात, भास थांबतात, तरी घरच्यांची एक तक्रार उरते: "हा मुद्दाम करतो, कुणाचं मन समजूनच घेत नाही." रुग्णावर हा बहुतेक वेळा अन्याय असतो.

समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ओळखणं या आजारात खरोखरच अवघड होतं. हे तपासायला कोरकोरन, मर्सर आणि फ्रिथ यांनी १९९५ मध्ये एक चाचणी मांडली. १० छोटे प्रसंग वाचून दाखवायचे. प्रत्येकात कुणीतरी आडून काही सुचवतं. लगेच उमगलं तर २ गुण, आणखी उघड सुचवल्यावर उमगलं तर १. रुग्णाने म्हटलं तर प्रसंग पुन्हा वाचतात, म्हणजे निव्वळ विसरल्यामुळे गुण जात नाहीत.

आपल्या घरांत तर आडून बोलण्याची सवयच असते. "गॅस संपत आलाय वाटतं" म्हणजे नंबर लाव. हे कळायला शब्द, बोलणाऱ्याचा चेहरा आणि त्याची गरज एकाच वेळी डोक्यात धरावी लागते. या आजारात लक्ष, तात्पुरती स्मृती आणि विचारांचा वेग मंदावतो. एक धागा धरेपर्यंत दुसरा सुटतो. मात्र सगळा दोष स्मृतीचा नाही. बुद्ध्यांक चांगला असूनही इथे अडखळणारे रुग्ण असतात.

उलटी चूकही होते: शेजारणी हसल्या की त्या आपल्यालाच हसल्या. तिथे वाद घालून संशय वाढतो. "तुला तसं वाटलं, मला त्या आपसांत बोलताना दिसल्या," एवढं पुरे.

तेव्हा हवं ते सरळ सांगा: "आज चारच्या आत गॅसचा नंबर लाव." एका वेळी एकच काम, टीव्ही बंद करून. मग थांबा. उत्तर येईना म्हणून आपण तेच नव्या शब्दांत सांगतो आणि त्याला आता दोन वाक्यांचा मेळ घालत बसावं लागतं.

या आजाराच्या औषधांमुळे येणारी थरथर थांबवायला दिलेल्या ट्रायहेक्सिफेनिडिल या गोळीनेही स्मृती मंदावू शकते. गोळी परस्पर बंद करू नका. ती अजून लागते का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने इतरांचं मन ओळखण्याची क्षमता तपासायला भारतीय रुग्णांसाठी ‘सोक्रॅटिस’ ही चाचणीमाला तयार केली आहे. जिल्हा रुग्णालयांनी निदान एवढं करावं: औषधाची चिठ्ठी देताना नातेवाइकांना अर्धा तास बसवून, कसं बोलायचं ते करून दाखवावं.

आपली,
एक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ