अण्णा, तुम्ही मनगट धरलंत म्हणून

तीर्थस्वरूप अण्णांस,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही "आधी च्या घ्या" म्हणून विषय मोडता. म्हणून हे पत्र. आणि ते उघड लिहितोय, कारण पहाटे साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात पळणारे आता पुष्कळ झालेत आणि त्यातले बरेचजण माझ्यासारखेच एकवीसवरून बेचाळीस, बेचाळीसवरून शंभर किलोमीटरकडे निघालेत. त्यांनीही हे वाचावं.

त्या रविवारी मी कासला जाऊन परत येत होतो. घाट उतरायचा तेवढा राहिला होता. पळताना काही त्रास नव्हता. यवतेश्वरच्या देवळाशी टेकलो, पाणी प्यालो आणि छातीत काहीतरी लटपटलं. तुम्हाला सहज बोललो. तुम्ही माझं मनगट धरलंत, डोळे मिटलेत आणि दुसऱ्या हातानं स्वतःच्या मांडीवर ठेका धरायला गेलात. तो हात मध्येच थांबला. पुन्हा सुरू केलात, पुन्हा थांबला. चाळीस वर्षं भजनात पखवाज वाजवणारा माणूस म्हणाला, "सर, ह्येला ठेकाच न्हाई. सम सापडंना."

मी म्हणालो, दमलोय, बाकी काही नाही. माझी नाडी बसल्या जागी चव्वेचाळीस असते. तुम्ही म्हणालात, "कमी असूद्या की. सरळ तर पायजे."

दुसऱ्या दिवशी काढलेला ईसीजी अगदी ठीक आला. पित्ताच्या गोळ्या मिळाल्या आणि मी निश्चिंत झालो. तुम्ही नाही झालात. "एका थापेला पखवाज बरा वाजतो, पर शाई तडकलेली असती," असं म्हणून तुम्ही मला दुसऱ्या डॉक्टरांकडं घेऊन गेलात. बाहेरच्या बाकावर दोन तास बसून राहिलात. चोवीस तास छातीवर होल्टर, म्हणजे ठोके सतत टिपणारं छोटं यंत्र, लावला, आणि त्यात सापडलं: रात्री अडीच वाजता, गाढ झोपेत, नाडी पूर्ण विस्कटलेली. एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. वरच्या कप्प्यात रक्त साकळून गाठ झाली आणि ती मेंदूकडे गेली, तर पक्षाघात. पळताना तपासलं असतं तर हे बहुधा दिसलं नसतं, कारण भरपूर पळणाऱ्यांत नाडी मंद ठेवणाऱ्या मज्जातंतूचा जोर विश्रांतीत जास्त असतो आणि असे झटके बरेचदा पळणं थांबल्यावर, झोपेत किंवा जेवणानंतर येतात. मी मात्र दमसास चांगला म्हणजे हृदय ठणठणीत, असंच धरून चाललो होतो.

डॉक्टरांनी कागदाच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. बसल्या जागी हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरवतं, जोरात पळताना वीस लिटर आणि त्याहूनही जास्त. त्यानं हृदय मोठं होतं, आणि एरवी हे मोठं होणं चांगलंच. पण असं तासन्‌तास, वर्षानुवर्षं चाललं की काहींचा वरचा डावा कप्पा ताणत जातो आणि तिथं हा बिघाड घर करतो. स्वीडनमध्ये वासालोपेत नावाची नव्वद किलोमीटरची स्कीइंगची शर्यत असते. तिथल्या बावन्न हजारांवर स्पर्धकांच्या नोंदी तपासून 2013 साली अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी जास्त वेळा शर्यत पुरी केली, ज्यांचा वेग जास्त होता, त्यांच्यात हा आजार जास्त आढळला.

अण्णा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. खेळाडूंचं हृदय मोठं असतं हे 1899 साली स्वीडनच्याच हेन्शेन नावाच्या डॉक्टरांनी ओळखलं. तेही स्कीइंग करणाऱ्यांच्या छातीवर बोटांनी वाजवून, आवाजावरून. तुमची बोटं त्याच जातीची.

घरी हे कळल्यावर बायकोनं माझे बूट माळ्यावर टाकले. आईनं जेवण सोडलं. तेव्हाही तुम्हीच आलात आणि दोघींना घेऊन पुन्हा डॉक्टरांपुढं बसलात. त्यांनी सांगितलं की अमेरिकेत 2000 ते 2010 या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन पळणाऱ्या सुमारे एक कोटी नऊ लाख जणांत फक्त 59 जणांचं हृदय बंद पडलं. पळणं सोडायचं नाही, मात्र माझ्या बाबतीत अंतर उतरवायचं, आणि तीन महिने फक्त चालायचं.

त्या तीन महिन्यांबद्दल मला खरं तर सगळ्यात जास्त लिहायचं होतं. रोज पहाटे साडेपाचला तुम्ही दारात. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी तुमचा स्वतःचा घाट चढायचा नेम होता, तो मोडून तुम्ही माझ्याबरोबर अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यानं चाललात. बाकीचे पळत पुढं जायचे, हात करायचे, मला ते बघवायचं नाही. तुम्ही कधी समजूत घातली नाहीत. एसटीत असताना कुठल्या घाटात कुठल्या वळणावर गाडी कशी काढायची, ते सांगत राहिलात. वर पोचलो की मनगट मागायचात. पूर्ण एक मिनिट. निम्म्या मिनिटाची दुप्पट तुम्ही कधी केली नाहीत.

दुसरा होल्टर स्वच्छ आला. अजून दर सहा महिन्यांनी दाखवायचं आहे. सध्या आठवड्यातून चार दिवस यवतेश्वरपर्यंत जाऊन येतो, त्यापुढं नाही. तुमच्याकडून शिकल्याप्रमाणं आता आमच्या बारा जणांच्या गटात रविवारी परतल्यावर प्रत्येकजण शेजाऱ्याची नाडी मिनिटभर बघतो. एकाची गडबड वाटली, त्यांना काल तपासायला पाठवलंय.

परवा एकादशी. घरी कंदी पेढे आणून ठेवलेत. टाळ घेऊन येतो, मनगटही बघा.

तुमचा,
सर