लोकलचा फोटो कुठे उभं राहून काढायचा, ते एकदा सांगून टाका

प्रति,
माननीय रेल्वेमंत्री,
रेल भवन, नवी दिल्ली

मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

मी मिरजेचा. नोकरी फिरतीची, त्यामुळे मुंबईला येणं-जाणं चालूच असतं. कामं उरकली आणि परतीच्या गाडीला अवकाश असला की मी लोकलचे फोटो काढतो. धंदा म्हणून नाही, कुठे विकायला नाही, नुसती हौस. मिरज हे एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुळांचं जंक्शन होतं, तेव्हा हे वेड कुठून आलं ते वेगळं सांगायला नको. माझ्यासारखे पुष्कळ आहेत. नागपूरहून, नांदेडहून, पणजीहून चार दिवसांसाठी मुंबईत येतात आणि त्यातली एखादी सकाळ कॅमेरा घेऊन फलाटावर घालवतात.

आमची अडचण साधी आहे. मुंबईत रोज तीन हजारांहून अधिक लोकल फेऱ्या होतात, म्हणजे फोटो काढायला गाड्यांची वानवा नाही. पण कुठे उभं राहिलं तर गाडी चांगली दिसते आणि कुठे उभं राहिलेलं चालतं, हे बाहेरगावच्या माणसाला सांगणारं कुणी नाही. पहिला प्रश्न निदान ओळखीपाळखीच्या हौशी लोकांना विचारून सुटतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र ज्याला विचाराल त्याप्रमाणे बदलतं. एका स्थानकावर तासभर उभे राहा, कुणी ढुंकून बघत नाही. पुढच्या स्थानकावर कॅमेरा पिशवीतून निघतो न निघतो तोच गणवेशातले कुणी साहेब येतात. परवानगी आहे का? ती कुठे मिळते विचारलं तर आत ऑफिसात जा. ऑफिसात गेलं तर ते आमच्याकडे नाही. या सगळ्या वेळात शेजारी चार पोरं मोबाइलवर रील बनवत असतात, त्यांना कुणी हटकत नाही. ज्याच्या गळ्यात पट्ट्याचा कॅमेरा, तोच संशयित.

यात अपमान होतो वगैरे तक्रार करायला मी हे पत्र लिहीत नाही. मुद्दा सुरक्षेचा आहे. फलाटावरून हुसकावलेला विशीतला पोरगा फोटो काढायचं सोडून देत नाही. जिथे हुसकवायला कुणी नाही, तिथे तो जातो. आणि अशी जागा म्हणजे फलाटाच्या टोकाचा उतार संपल्यावरची खडी, दोन रुळांमधली मोकळी पट्टी, कुंपणाला पडलेलं भगदाड. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे हा गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. व्हायलाच हवं. त्यात सवलत मागणारा मी नाही. पण कायद्याने जागा निषिद्ध कुठली ते सांगितलं आहे, मोकळी कुठली ते कुणीच सांगितलेलं नाही.

रुळाजवळ कॅमेरा डोळ्याला लावला की नेमकं काय होतं, ते हौशी माणूस म्हणून सांगतो. लांब पल्ल्याच्या लेन्समधून गाडीचा वेग कळत नाही. समोरून येणारी लोकल बराच वेळ जागच्या जागी उभी असल्यासारखी दिसते आणि मग एकदम अख्खी चौकट भरून टाकते. त्यातून मुंबईत पुष्कळ ठिकाणी रूळ दोन नाहीत, चार आहेत, काही ठिकाणी सहा. एका गाडीवर नजर असताना दुसरी पाठीमागून येते आणि तिचा आवाज पहिलीच्या आवाजात मिसळून जातो. भोंगा ऐकू येतो, पण तो आपल्यासाठी आहे हे कळत नाही. वर पंचवीस हजार व्होल्टची तार. मुंबईत १९२५ पासून दीड हजार व्होल्टचा डीसी प्रवाह होता, तो २०१६ साली हार्बर मार्गावरूनही गेला आणि आता सगळीकडे एसी प्रवाह आहे. या तारेला हात लागायची गरज नसते, नुसतं फार जवळ गेलं तरी झटका बसतो. डब्याच्या टपावर चढून सेल्फी घेताना भाजलेल्या मुलांच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. म्हणून सेल्फी स्टिक आणि उंच ट्रायपॉड यांना सरसकट बंदी घातलीत तर माझा पाठिंबा आहे. ड्रोनचं तर नावच नको.

आता चांगल्या जागांबद्दल. बहुतेक ठिकाणी नवीन काही बांधावंच लागणार नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

सँडहर्स्ट रोड घ्या. मशीद स्थानक सोडलं की हार्बर मार्ग चढ घेतो आणि मुख्य मार्गाच्या डोक्यावरून पूर्वेला, डॉकयार्ड रोडकडे वळतो. त्यामुळे या एकाच स्थानकात खालच्या फलाटावर कल्याणकडची लोकल आणि वरच्या फलाटावर पनवेलची. लोखंडी तुळया, त्यांच्यावरचे रिबिट, खाली अंधार आणि वर उजेड. दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान गर्दीही मानाने कमी असते. फलाटाच्या मध्यावर, पिवळ्या रेघेच्या चांगलं मागे, खांबाला टेकून उभं राहिलं तरी उत्तम चौकट मिळते. टोकाला जायची गरजच नाही. अशा एका खांबाजवळ जमिनीवर चौकोन रंगवला आणि ‘येथून छायाचित्र काढावे’ असं लिहिलं की काम झालं.

किंवा कसारा. टिटवाळा गेलं की डबे रिकामे होऊ लागतात. खडवलीला भातसा नदी, आसनगावच्या पुढे डोंगर, आणि पावसाळ्यात तर काय विचारता. कसाऱ्याला लोकलचा मार्ग संपतो आणि थळ घाट सुरू होतो. घाट चढण्यासाठी मेल-एक्सप्रेसला तिथे जादा इंजिनं, म्हणजे बँकर, जोडतात. एका बाजूला शांत उभी लोकल आणि दुसरीकडे बँकर जोडून घेणारी एक्सप्रेस, असं दृश्य मुंबईच्या उपनगरी मार्गावर कर्जत सोडलं तर दुसरीकडे सहसा मिळत नाही. गाड्या उभ्या असतात, घाई नसते, फलाटावर माणसं मोजकी. नवशिक्याने फोटो काढायला शिकावं तर इथे. (त्याला एक आगाऊ सूचना: कसाऱ्याच्या लोकलवर ‘एन’ आणि कर्जतच्या लोकलवर ‘एस’ अक्षर झळकतं, बाहेरगावचा माणूस हटकून गोंधळतो. आणि शटर फार वेगाचं ठेवलं तर गाडीच्या कपाळावरची ती एलईडी अक्षरं फोटोत अर्धीमुर्धीच उमटतात.)

नेरळला लोकल आणि १९०७ पासूनची, दोन फुटी रुळांवरची माथेरानची गाडी एकाच स्थानकात दिसतात. महालक्ष्मीला पुलावरून धोबीघाट बघायला देशोदेशीचे पर्यटक उभे राहतात आणि पश्चिम रेल्वेच्या लोकल त्यांच्या शेजारून धडधडत जातात. तिथे पर्यटकाला कुणी परवानगी विचारत नाही, कारण तो कपड्यांचा फोटो काढत असतो! वाशीचा खाडीपूल सगळ्यात देखणा. मार्ग पूर्व-पश्चिम असल्याने थंडीत दक्षिणेकडून कलत्या उन्हाचा प्रकाश गाडीच्या एका अंगावर दिवसभर राहतो. पण शेजारच्या रस्त्याच्या पुलावर थांबणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि तरी लोक गाडी कडेला घेऊन थांबतात. तिथे मात्र काठावर एखादा सज्जा बांधायला खर्च करावा लागेल.

पादचारी पुलांविषयी माझं मत थोडं वेगळं आहे. वरून फोटो छान येतो हे खरं, पण २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, हे विसरून कुणी पुलावर थांबायची परवानगी मागू नये. गर्दीच्या वेळी पुलावर आणि जिन्यावर कॅमेरा बाहेर काढणाऱ्याला खुशाल दंड करा. रस्त्यांच्या पुलांवर तारेमुळे उंच पत्रे आणि जाळ्या बसवल्या आहेत, त्या हव्यातच. फक्त पुलाच्या ज्या टोकाखाली तार येत नाही, तिथल्या जाळीत लेन्स मावेल एवढी खिडकी ठेवता येईल का, हे आपल्या अभियंत्यांना विचारावं. ते नाही म्हणाले तर आमचा हट्ट नाही.

बाहेर हे कसं करतात? ब्रिटनमध्ये रूळ सांभाळणाऱ्या नेटवर्क रेल या संस्थेने रेल्वेवेड्यांसाठी लेखी सूचनाच काढून ठेवल्या आहेत: आल्यावर कर्मचाऱ्यांना सांगा, पिवळ्या रेघेच्या मागे राहा, फ्लॅश वापरू नका. फ्लॅशचं कारण उघड आहे, चालकाचे डोळे दिपतात. आपल्या मोटरमनलाही तेच लागू आहे. टोकियोत निप्पोरी स्थानकाजवळच्या एका पुलावर खास गाड्या बघण्यासाठी सज्जा काढला आहे. आईबाप पोरांना घेऊन तिथे येतात आणि खालून यामानोते मार्गाच्या लोकलपासून शिन्कान्सेन बुलेट ट्रेनपर्यंत सगळ्या गाड्या जाताना बघतात. आपल्याकडची पोरं काही कमी गाडीवेडी नाहीत.

माझी मागणी त्यामानाने किरकोळ आहे. विक्रीसाठी नसलेली, फलाटावरून, फ्लॅश आणि ट्रायपॉडशिवाय काढलेली छायाचित्रं चालतात की नाही, हे रेल्वे बोर्डाने एका पानात, स्पष्ट शब्दांत लिहावं आणि ते पान स्थानकावर मराठी, हिंदी, इंग्रजीत लावावं. चित्रपटवाल्यांसाठी आणि जाहिरातवाल्यांसाठी परवानगीची आणि शुल्काची पद्धत आहेच, ती तशीच असू दे. हेच पान आरपीएफच्या, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाच्या, प्रत्येक चौकीत जावं. लोहमार्ग पोलीस राज्याच्या गृहखात्याकडे येतात, तेव्हा आपण मुंबईत मंत्रालयालाही दोन ओळी लिहाव्यात. नाहीतर एका खाकीने होय म्हणायचं आणि दुसरीने नाही, हे चालूच राहील. संवेदनशील जागा असतील तर त्याही त्याच पानावर नावानिशी लिहा, आम्ही तिकडे फिरकणार नाही.

आणखी एक. फलाट तिकीट दहा रुपयांचं आणि दोन तासांचं. उजेडाची वाट बघणाऱ्याला दोन तास पुरत नाहीत. मुंबईत एक, तीन आणि पाच दिवसांचं पर्यटक तिकीट मिळतं, हे पुष्कळ मुंबईकरांनाच ठाऊक नसतं. ते घेणाऱ्याला फलाटावर थांबायची मुभा त्या तिकिटावरच छापली आणि नियमांचं पान सोबत दिलं, तर रेल्वेला चार पैसे मिळतील आणि आमचीही सोय होईल.

या हौसेचा रेल्वेलाही उपयोग आहे, मंत्रिमहोदय. डीसी गाड्या मुंबईतून गेल्या त्याआधीची त्यांची रंगसंगती, त्यांच्या आतले दांडे, खिडक्यांच्या जाळ्या यांचे फोटो हौशी लोकांनीच जपले आहेत. आमच्या मिरजेच्या नॅरोगेजचा एकही फोटो माझ्या घरात नाही. त्या काळी स्टेशनात कॅमेरा नेणं म्हणजे भानगड, असं वडील म्हणायचे.

सुरुवात सँडहर्स्ट रोड आणि कसारा या दोन स्थानकांपासून करावी, अशी विनंती. दोन्हीकडे रंगाचा एक डबा आणि एक फलक एवढंच लागेल. फलकाचा मजकूर शुद्ध मराठीत लिहून द्यायला आमच्यातले कितीतरी जण तयार आहेत, विनामोबदला. वर्षभर चालवून पाहावं, आणि रूळ ओलांडणारे कॅमेरेवाले कमी झाले नाहीत तर चौकोन पुसून टाकावेत.

कळावे,
आपला नम्र,
मिरजेचा एक प्रवासी